दहावीच्या निरोपाला कोणतं गाणं? ‘पल’, ‘चलते चलते’ की ‘या जन्मावर’

जानेवारी संपत आला की शाळाशाळांत हा प्रश्न निघतो. पूर्वपरीक्षा उरकलेली असते, बोर्डाची तोंडावर असते (२०२५ साली तर ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली), आणि मधल्या चार दिवसांत निरोप समारंभ बसवायचा असतो. मनोगतं कोण मांडणार, गुलाबाची फुलं कोण आणणार, वडे कुठून मागवायचे, हे पटकन ठरतं. अडतं ते गाण्यावर.

मी पुण्यात पेठेतल्या एका मराठी शाळेत संगीत शिकवतो. ही निवड दरवर्षी माझ्याकडे येते आणि दरवर्षी तिच्यावरून थोडी ओढाताण होते. मुलांना एक हवं असतं, मुख्याध्यापकांच्या मनात दुसरं असतं आणि शिक्षकखोलीत चहाच्या वेळी तिसरंच पुढे येतं. याच पेचात असलेल्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे लिहितो आहे. गाणी तुमच्या ओळखीची आहेत असं धरून चालतो. आणि मी बोलतोय ते सगळ्या वर्गाने मिळून म्हणायच्या गाण्याबद्दल. एकट्या गायकाचा विचार वेगळा, त्याकडे नंतर येईन.

काही नावं दरवर्षी येतात आणि लवकरच मागे पडतात. अली हैदरचं ‘पुरानी जीन्स’ हे १९९३चं गाणं आजच्या मुलांनाही पाठ असतं, याचं मला कौतुक वाटतं. पण त्यात सिगारेट आहे, भिंतीवरून उड्या आहेत, आणि सगळ्या आठवणी कॉलेजच्या आहेत. पंधरा वर्षांच्या मुलांनी स्टेजवर उभं राहून, समोर आईवडील बसलेले असताना ते म्हणावं असं मला वाटत नाही. ‘दुनियादारी’तलं ‘जिंदगी जिंदगी’ही त्याच कारणासाठी बाजूला ठेवतो. २०१३चा तो चित्रपट पुण्यातल्या कॉलेजच्या कट्ट्यावरचा, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा. आपल्या गावातली गोष्ट म्हणून मुलांना तो जवळचा वाटतो, पण ती मैत्री त्यांच्या वाट्याला अजून यायची आहे. बारावीनंतर खुशाल म्हणावं.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांतले सहकारी ‘सी यू अगेन’बद्दल विचारतात. ते गाणं २०१५ साली, अपघातात गेलेल्या पॉल वॉकर या नटाच्या आठवणीत केलेलं आहे. मधला रॅपचा भाग समूहाला झेपत नाही, आणि गाण्याचा मूळ प्रसंग माहीत असला की मला ते निरोपाला लावायला जड जातं. अमेरिकेतल्या शाळा ज्याच्यावर हमखास येतात ते ‘ग्रीन डे’ या बँडचं १९९७चं ‘गुड रिडन्स’ हे गाणंही मुळात मोडलेल्या नात्यावर लिहिलेलं आहे. तिथे ते रुळलं, लोकांनी आपलंसं केलं, चांगलंच झालं. आपल्याकडे ते का आणावं, याचं पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही.

‘हीच अमुची प्रार्थना’ मात्र गंभीरपणे विचारात घ्यावं असं गाणं आहे. समीर सामंत यांचे शब्द, कौशल इनामदार यांची चाल, २०१७चा ‘उबुंटू’. चित्रपट शाळेवरचा, गाणं शाळेतलं, आणि कितीतरी शाळांच्या परिपाठात ते रोज होतं. मुलांना पाठ आहे, त्यामुळे सराव जवळपास लागत नाही. सरावाला अजिबात वेळ नसेल तर मी डोळे मिटून हेच सुचवेन. फक्त रोजचं असल्यामुळे ते सुरू झालं की मुलं नकळत हात जोडून, नजर समोर ठेवून, परिपाठाच्या ओळीत उभी राहतात. निरोपाच्या दिवशी त्यांनी एकमेकांकडे बघावं असं मला वाटतं.

आता उरतात ती तीन, आणि खरी निवड यांच्यातच आहे.

‘पल’ हे मुलांचं गाणं. गायक केकेच्या १९९९च्या अल्बममधलं, शब्द मेहबूब यांचे, संगीत लेस्ली लुईस यांचं. ही मुलं जन्मण्याच्या किती आधीचं! तरी ते आपलंच आहे असं प्रत्येक दहावीला वाटतं. त्याच अल्बममधल्या ‘यारों’चंही तसंच. गेल्या पंचवीस वर्षांत निरोपाला यांच्याइतकी वाजलेली दुसरी गाणी निदान माझ्या कानावर तरी आलेली नाहीत. आणि ते प्रेम रास्त आहे. ‘पल’ची सुरुवात इतकी साधी, इतकी हळुवार आहे की कुणीतरी शेजारी बसून सांगतंय असं वाटतं, आणि ध्रुवपदाकडे जाताना ते छाती भरून वर उचललं जातं. ३१ मे २०२२च्या रात्री कोलकात्यात कॉलेजच्या मुलांसमोर गाऊन केके गेला. त्या कार्यक्रमाचा शेवट ‘पल’ने झाला, ही बातमी तेव्हा सगळीकडे आली होती. तेव्हापासून हे गाणं ऐकताना पालकांच्या रांगेत वेगळीच शांतता पसरते. कुणाला ती हवीशी वाटेल, कुणाला नको वाटेल. मी त्यावरून गाणं बाद करणार नाही.

माझ्यासाठी ते बाद झालं ते ट्रॅकमुळे.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण गाणं निवडताना याचा विचार कुणी करत नाही आणि कार्यक्रम मात्र यावरच बसतो किंवा पडतो. आजकाल शाळेत समूहगान म्हटलं की फोनवर कराओके ट्रॅक (गायकाच्या आवाजाशिवाय नुसती वाद्यं) शोधायचा, तो ब्लूटूथ स्पीकरला जोडायचा आणि मुलांना समोर उभं करायचं, एवढंच उरलं आहे. ट्रॅक बहुतेक मूळ गायकाच्या पट्टीत (गाण्याचा ‘सा’ ज्या उंचीवर धरतात ती पट्टी) असतो. म्हणजे पूर्ण वाढ झालेल्या, कसलेल्या पुरुषाच्या गळ्याची पट्टी. त्यासमोर आपण कुणाला उभं करतो? अर्ध्या मुली, ज्यांच्या गळ्याला काळी चारच्या (पेटीवरच्या चौथ्या काळ्या स्वराच्या) आसपासची पट्टी सोयीची, आणि अर्धे मुलगे, ज्यांचा आवाज नुकताच फुटला आहे किंवा त्याच आठवड्यात फुटतो आहे.

आवाज फुटणं म्हणजे काय हे संगीत शिक्षकाला रोज ऐकू येतं. बारा ते सोळाच्या दरम्यान मुलाचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. तो एका रात्रीत उतरत नाही. काही महिने वरचे स्वर गेलेले असतात, खालचे अजून बसलेले नसतात, आणि मधे कुठेतरी आवाज चिरकतो. दहावीच्या वर्गात एकाच बाकावर एकाचा आवाज बापासारखा झालेला असतो आणि दुसरा अजून सातवीतल्यासारखा गात असतो.

चित्रकलेच्या वर्गात शाळा सुटल्यावर आमचा सराव चालायचा. बाहेर लक्ष्मी रस्त्याची संध्याकाळ, पीएमटीचे हॉर्न, आणि आत ‘पल’चा ट्रॅक. पहिल्या ओळी खालच्या स्वरांत आहेत. तिथे मुलींचा आवाज घशातच राहिला, स्पीकरसमोर ऐकूच येईना. मुलगे खुशीत होते. मग गाणं वर चढलं आणि पारडं फिरलं. मुली मोकळ्या झाल्या, आणि मागच्या रांगेतला एक मुलगा, जो सातवीत गॅदरिंगला एकटा गायला होता, त्या जागेवर आला आणि त्याचा आवाज मधोमध तुटला. शेजारचे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, ते त्याचे मित्रच होते. पण पुढच्या ओळीपासून त्याने नुसते ओठ हलवले. त्याच्याकडे बघून आणखी दोघांनी. आठवड्याच्या शेवटी वर्गातले बहुतेक मुलगे नुसते उभे होते आणि गाणं ट्रॅक म्हणत होता.

आपल्या शाळेतल्या शेवटच्या गाण्यात एखाद्या मुलाने ओठ हलवत उभं राहावं, हे मला सहन होत नाही. माझी निवड तिथे ठरली. गाण्याची बाकी सगळी थोरवी मान्य करूनही.

यावर उपाय नाहीत असं नाही. ॲपमध्ये ट्रॅकची पट्टी वरखाली करता येते. अर्धा-एक स्वर हलवलात तर चालतं. त्यापुढे गेलात की गिटार पत्र्यासारखी वाजते आणि मुलांनाही ते जाणवतं. शिवाय पट्टी बदलून मूळ अडचण सुटत नाही. गाण्याचा पल्ला मोठा असेल, म्हणजे ते खालून फार वर जात असेल, तर पट्टी खाली घेतली की काहींचा तळ जातो आणि वर घेतली की काहींचा माथा. मिश्र वर्गासाठी लागतं ते आटोपशीर पल्ल्याचं गाणं. तसं असलं की काळी एकला किंवा काळी दोनला धरावं, मुलींनी वरच्या सप्तकात म्हणावं, आवाज फुटलेल्या मुलांनी तेच खालच्या सप्तकात, आणि दोघांनाही श्वास पुरतो. ज्याचा अजून फुटलेला नाही त्याला निवांत मुलींच्या बाजूला उभं करावं, त्याबद्दल कुणाला काही सांगायची गरज नाही.

मग ‘पल’ पेटीवर का घेऊ नये? घेतलं. पट्टी हातात आली, पण गाणं हातातून गेलं. ते गिटारवर जन्मलेलं गाणं आहे, पेटीवर ते उघडं पडतं. मुलं तोंडावर बोलत नाहीत, पण त्यांच्या गाण्यातून कळतं की हे त्यांना हवं होतं ते नव्हे. वर्गात कुणी चांगली गिटार वाजवणारा किंवा वाजवणारी असेल, तर माझं म्हणणं थोडं बाजूला ठेवा. अशा वेळी ‘पल’ एकाच गळ्याला द्यावं, त्याच्या किंवा तिच्या पट्टीत, शेजारी एक गिटार, आणि बाकीच्यांनी फक्त शेवटचं ध्रुवपद धरावं. हे फार सुंदर होतं.

‘चलते चलते’कडे येतो. १९७६चा त्याच नावाचा चित्रपट, अमित खन्ना यांचे शब्द, बप्पी लाहिरींची चाल, किशोरकुमारांचा आवाज. चित्रपट आज कुणाला फारसा आठवत नाही, गाणं मात्र आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना येतं. समारंभाला आलेले पालक, शिक्षक, सेवक, सगळे त्यात सामील होतात, हा याचा फार मोठा गुण. ते ट्रॅकवाचून उभं राहतं. पेटी आणि तबला, तबला नसेल तर साधी ढोलकीसुद्धा पुरते. चालीत हेलकावा आहे, त्यामुळे मुलं आपोआप एका लयीत येतात. मुलांना जुनं वाटेल ही भीती मला होती, पण तसं कधी जाणवलं नाही. हिंदी गाणं म्हणून त्यांचाही मान राहतो, आणि मोठ्यांनाही आपलं वाटतं.

माझं याच्याविषयीचं बोट दाखवणं बारीक आहे. हे गाणं फार लवकर रडवतं. ध्रुवपदाची शेवटची ओळ आली की पहिल्या रांगेतल्या मुलींचे आवाज जातात, मग वर्गशिक्षिकांचे डोळे, आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गाणारे मोजकेच उरतात. रडणं वाईट नाही. निरोपाला रडू येणारच, यायला हवं. पण गाणं सगळ्यांनी शेवटपर्यंत म्हणावं हा माझा आग्रह असल्यामुळे मला ते अडतं. तुमच्या शाळेत गाणं कार्यक्रमाच्या अगदी शेवटी असेल आणि त्यानंतर काही म्हणायचं-बोलायचं नसेल, तर ‘चलते चलते’ घ्यायला काहीच हरकत नाही. मधे असेल तर पुढची मनोगतं कोरडी राहत नाहीत, हे लक्षात घ्या.

आता ‘या जन्मावर, या जगण्यावर’. मंगेश पाडगावकर, यशवंत देव, अरुण दाते. या तिघांबद्दल मी मराठी वाचकाला काय सांगणार? एवढंच म्हणतो की निरोपाच्या यादीत हे गाणं फार कमी वेळा येतं, कारण त्यात निरोप नाही. शाळा नाही, मित्र नाहीत, आठवणींचा शब्द नाही. वारा आहे, पाऊस आहे, भिजलेली माती आहे, सहा ऋतू आहेत. पंधरा वर्षांच्या मुलामुलींना शाळेच्या फाटकातून बाहेर सोडताना त्यांच्या ओठांवर मागचं काही असण्यापेक्षा पुढ्यातलं जग असावं, असं मला मनापासून वाटतं. इतर गाणी सांगतात की गेलेलं आठवा. हे सांगतं की समोर आहे त्यावर प्रेम करा.

पण तेवढ्यावर मी ते निवडलं नसतं. ते भावगीत आहे, पेटी-तबल्याच्या अंगाने जन्मलेलं, त्यामुळे त्याला ट्रॅक लागतच नाही. पट्टी आपल्या हातात, लय आपल्या हातात. कुणाचा गळा दाटला तर पेटीवर दोन आवर्तनं जास्त घ्यायची आणि पुन्हा ध्रुवपदावर यायचं. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, पेटी थांबते. ध्रुवपद असं आहे की आवाज फुटलेल्या मुलालाही ते खालच्या सप्तकात बिनधास्त म्हणता येतं. आमच्या वर्गांत तरी म्हणता आलं. अरुण दात्यांचं गाणं कधी ओरडत नाही, बोलल्यासारखं जातं, आणि ओरडावं लागत नाही म्हटल्यावर लाजणारी मुलंही तोंड उघडतात. गाण्याचा सूक्ष्म भाग, मुरक्या, हरकती, त्या सोडून द्याव्यात. सरळ स्वरांतही ते आपलं सौंदर्य राखतं.

याच्या अडचणीही सांगायला हव्यात. मुलांना पहिल्या दिवशी हे आवडत नाही. ‘सर, हे आजोबांचं गाणं आहे’ असं ऐकायची तयारी ठेवा. त्या दिवशी समजावू नका, नुसतं दोनदा म्हणून घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी जिन्यावरून उतरताना ते गुणगुणत असतं. दुसरी अडचण पहिल्या अंतऱ्याची. लाजऱ्या फुलांवरून कुणाचे तरी हळवे ओठ आठवतात ती ओळ आली की दहावीच्या वर्गात कोपऱ्याकोपऱ्यातून खुसखुस सुरू होते. या वयात ती व्हायचीच. मी तो अंतरा गाळत नाही, कारण मातीतून रुजून आलेली हिरवी पाती त्यातच आहेत, आणि या वयाला त्याहून योग्य चित्र मला सुचत नाही. तो अंतरा मी मुलींपैकी एका शांत आवाजाला एकटीला देतो. एकजण गात असली की बाकीचे ऐकतात.

शेवटचा अंतरा मात्र सगळ्यांचा ठेवावा. मातीचं आणि पिंपळपानाचं ते कडवं चाळीस गळ्यांतून आलं की माइकची गरज उरत नाही. माइकवरून आठवलं, भाड्याने माइक आणणार असाल तर गायकांसाठी दोनच आणा आणि एक पेटीसमोर ठेवा. प्रत्येकाच्या हातात माइक दिला की समूहगान संपतं आणि चार एकल गायक उरतात. उघड्या पटांगणात कार्यक्रम असेल आणि बाहेर रहदारी असेल तर मुलांना अर्धवर्तुळात, भिंतीला पाठ करून उभं करा. आवाज पुढे फेकला जातो आणि त्यांना एकमेकांचंही ऐकू येतं.

एक गोष्ट तुमच्या शाळेच्या पद्धतीवर अवलंबून राहील. बऱ्याच ठिकाणी निरोपाचा कार्यक्रम नववी करते आणि दहावी समोर बसते. नववी गाणार असेल तर ‘चलते चलते’ला माझ्या मते थोडं झुकतं माप द्यावं, कारण निरोप देणाऱ्यांच्या तोंडी ते शोभतं आणि त्या मुलांना पुढचं वर्ष शाळेतच काढायचं असल्यामुळे ती शेवटपर्यंत गाऊ शकतात. दहावी स्वतः गाणार असेल तर माझं मत ‘या जन्मावर’लाच आहे. दोन्ही वर्ग गाणार असतील तर दोन्ही घ्या, आधी नववी, मग दहावी. उलट क्रमाने नको, कारण दहावीनंतर नववीचं कुणी ऐकत नाही.

सरावाला आठवडा मिळाला तर पहिले दोन दिवस ध्रुवपदाशिवाय काही घेऊ नका, आणि पट्टी पहिल्याच दिवशी कायम करा. पट्टी ठरवताना वर्गातल्या सर्वांत चांगल्या गायकाकडे बघू नका. आवाज नुकताच फुटलेल्या मुलाला आधी गायला लावा, त्याला जे सोसेल ते धरा, बाकीचे जमवून घेतात.

आणि मुलं ‘पल’साठी हटून बसली, तशी ती बसणारच, तर समारंभ संपल्यावर, वडे आणि पेढे वाटताना, स्पीकरवर ते मूळ केकेच्या आवाजातच लावा. तिथे सगळे आपापल्या पट्टीत म्हणतात आणि कुणाचा आवाज तुटला तरी कुणाला कळत नाही.